जहाजावरची सुरुची

शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर ‘स्टॉप’ची गोल पाटी घेऊन उभा राहणारा डग हा सत्तरीचा म्हातारा सुरुचीला रोज हात करायचा. एका दुपारी मात्र त्याने पाटी काखोटीला मारली, तिच्या पायांकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, “गॉट युअर लँड लेग्ज येट?”

सुरुचीनेही आपल्या पायांकडे पाहिलं. नेहमीच्याच चपला होत्या. “येस, थँक यू,” म्हणून ती रस्ता ओलांडून गेली. न कळलेल्या इंग्रजीला हे उत्तर बहुतेक वेळा खपून जातं, एवढं तिला अडीच महिन्यांत समजलं होतं. पलीकडे जाऊन तिने फोनवर शोधलं. अर्थ निघाला तो असा: बरेच दिवस बोटीवर राहिलेल्या माणसाचे पाय पुन्हा जमिनीला सरावणं.

रंकाळ्यातली पायडल बोट सोडली तर सुरुची आयुष्यात कधी बोटीत बसली नव्हती.

ती कागलजवळच्या एका गावातली. वय तेवीस, बीएस्सी झालेली, पुढे काय करायचं ते न ठरलेली. ऑस्ट्रेलियाच्या वर्षभराच्या व्हिसाचा ड्रॉ निघतो असं मैत्रिणीने सांगितलं म्हणून दोघींनी गंमत म्हणून नावं घातली. मैत्रिणीचं राहिलं, हिचं आलं. सिडनीत ऑ पेअर म्हणून काम मिळालं. म्हणजे एखाद्या कुटुंबात त्यांच्यातलंच होऊन राहायचं, मुलांना सांभाळायचं, आणि त्यांनी खोली, जेवण, हातखर्च द्यायचा. कुटुंब मराठीच मिळालं. नीरजा वेस्टमीडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टवर, हृषिकेश आयटीत, आणि त्यांची सहा वर्षांची मयूरा पहिलीत. स्कोफिल्ड्समधलं त्यांचं घर इतकं नवं होतं, की पुढच्या अंगणातल्या झाडाला अजून काठीचा आधार बांधलेला होता.

मयूराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. ती फार प्रश्न विचारायची. सुरुची आली त्याच दिवशी तिने विचारलं होतं, “तू इंडियात काय करायचीस?”

“काही विशेष नाही गं,” सुरुची म्हणाली होती. तिला ते खरंच वाटत होतं.

डगच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी शाळेच्या फाटकापाशी एक पंजाबी आजी जवळ आली. नातवाचं दप्तर तिच्या खांद्यावर होतं. तिने सुरुचीच्या डोक्यावरून हात फिरवला. “बेटा, पापा अभी भी जहाज़ चलाते हैं?”

“नहीं आंटी, मेरे पापा तो...” सुरुची सांगायला लागली, तेवढ्यात नातू पळाला आणि आजी त्याच्यामागे धावली.

मग मयूराच्या वर्गातला एक मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “चार मिनिटं श्वास धरून दाखव ना.” आणि त्या शुक्रवारी एका कोरियन मुलीची आई लाजत लाजत पुढे आली आणि तिने आल्याच्या गोळ्यांचं पाकीट सुरुचीच्या हातावर ठेवलं. “झोपेसाठी,” ती म्हणाली. “पलंग हलत नाही म्हणून तुला झोप लागत नाही ना? माझ्या वडिलांचंही तसंच व्हायचं. ते मासेमारीच्या बोटीवर होते.”

सुरुचीने पाकीट घेतलं. आभार मानले. एक गोळी तोंडात टाकून ती फाटकाला टेकून उभी राहिली. आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटून गेलं. पण राग येतच नव्हता. उलट आता पुढे काय निघतंय याची तिला उत्सुकता लागून राहिली होती. या गावात आपल्याच नावाची आणखी एक मुलगी फिरते आहे, तिचा बाप जहाज चालवतो, ती चार मिनिटं पाण्याखाली राहते आणि तिला न हलणाऱ्या पलंगावर झोप येत नाही. आपल्यापेक्षा ती जास्त मजेत दिसते.

हे कुणाचं काम, हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. संध्याकाळी दूध देताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “मयू, शाळेत माझ्याबद्दल काय सांगतेस गं?”

“नथिंग,” मयूरा म्हणाली आणि तिने ग्लासात नाक घातलं.

पुढच्या मंगळवारी वर्गशिक्षिका मिस पापास स्वतःच बाहेर आल्या आणि त्यांनी सुरुचीला पाच मिनिटं आत बोलावलं. मयूराला त्यांनी बागेत झाडांना पाणी घालायला पाठवलं. वर्गात इवल्याइवल्या खुर्च्या होत्या. दोघी त्यांतल्याच दोन खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या.

“आमच्याकडे रोज पाच मुलं उभी राहून वर्गाला काहीतरी सांगतात,” मिस पापास म्हणाल्या. “त्याला आम्ही न्यूज म्हणतो. कुणी कुत्र्याचं सांगतं, कुणी पडलेल्या दाताचं. मयूराचा वार मंगळवार. गेले सहा आठवडे ती तुझ्याबद्दल सांगते आहे. आणि खरं सांगू? मंगळवारी माझा वर्ग जेवढा शांत बसतो तेवढा इतर कधीच बसत नाही.” त्या हसल्या. “पण हे सगळं खरं आहे का, ते मला तुला विचारायचं होतं.”

त्यांनी चित्रांची एक चळत पुढे ठेवली.

पहिल्या चित्रात एक प्रचंड गोल बोट होती. बाजूला उंच धुराडं, त्यातून काळा धूर. बोटीभोवती पांढऱ्या वाफेचे ढग. चार माणसं लांबलचक वल्ही मारत होती. वरून एक जाड साखळी लोंबत होती, नांगराची असावी. आणि मधोमध डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अनवाणी, मिशीवाला एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्याखाली लिहिलं होतं: कॅप्टन पापा.

सुरुची ते चित्र किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक.

तिला तो फोन आठवला. ऑक्टोबर लागला होता, तिकडे नुकतंच गुऱ्हाळ सुरू झालं होतं, आणि वडिलांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला होता. मयूरा तिच्या मांडीवर चढून बघत होती. वडील म्हणजे भास्कर. ते गुळव्या होते. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर गूळ करून द्यायचं काम. मागे धुराडं, खाली जाळ, खोलीएवढी रुंद काहील, तिच्यात उकळणारा उसाचा रस, तो लांब दांड्याच्या फावड्यांनी ढवळणारे चार गडी, आणि काहील उचलायची साखळी. “हू इज दॅट? व्हॉट इज दॅट?” मयूराने विचारलं होतं. सुरुचीला तेव्हा का कोण जाणे संकोच वाटला होता. हृषिकेश शेजारच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होता. पोरीला गुऱ्हाळ समजावत बसायचं म्हणजे फार पसारा झाला असता. “पप्पा कामावर आहेत,” एवढंच म्हणून तिने घाईने फोन बंद केला होता.

पोरीने जे पाहिलं ते पाहिलं होतं. नाव कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने स्वतःच दिलं होतं.

“खरंच आहे,” सुरुची मिस पापासना म्हणाली. “म्हणजे... जहाज नाही. पण बाकी सगळं आहे. धुराडं आहे, वाफ आहे, साखळी आहे.” मग गूळ म्हणजे काय ते तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. मिस पापासनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “किती मोठी म्हणालीस ती कढई? या वर्गाएवढी?”

“अर्ध्या वर्गाएवढी.”

“तू हे येऊन मुलांना सांगशील का?”

घरी चालत येताना सुरुचीने मयूराचा हात धरला होता. रस्त्याच्या कडेला जॅकरांडाची जांभळी फुलं पडली होती आणि मयूरा त्यांवरून न चालता कडेकडेने उड्या मारत होती.

“मिसने मला चित्रं दाखवली,” सुरुची म्हणाली.

मयूरा थांबली. “आर यू क्रॉस?”

“नाही गं, रागावले नाही. मला फक्त एक कळत नाही. ते तुला जहाज वाटलं, ते ठीक. पण मी चार मिनिटं श्वास धरते, मला झोप येत नाही, हे कुठून आलं?”

 मयूरा इंग्रजीत बोलायला लागली आणि थांबेचना. न्यूजमध्ये काहीतरी न्यावंच लागतं. सगळ्यांकडे कुत्रा आहे, आपल्याकडे नाही. सुरुचीच्या आधी लीना ऑ पेअर होती, जर्मनीची, तिच्याबद्दल ती सांगायची. लीनाला शिटीवर गाणी वाजवता यायची. मग लीना गेली. मुलांनी विचारलं, का गेली? तू काय केलंस? आपण काय केलं, ते मयूराला माहीत नव्हतं.

“पण जहाजवाली माणसं,” ती म्हणाली, “त्यांना जावंच लागतं. जहाज निघालं की जावंच लागतं. मग कुणी मला विचारणार नाही.”

सुरुची फुटपाथवरच खाली बसली, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली. शेजारून एक गाडी गेली, तिच्यातल्या कुणीतरी वळून पाहिलं.

“लीनाला फिरायला जायचं होतं, म्हणून ती गेली. तू काहीच केलं नव्हतंस,” ती म्हणाली. “आणि मी पण जाणार आहे, मयू. ऑगस्टमध्ये माझा व्हिसा संपतो. तोपर्यंत इथेच आहे. जायच्या आधी तुला सांगेन, आणि का जाते तेही सांगेन.”

“हाउ मेनी स्लीप्स?”

सुरुचीने फोन काढून मोजलं. “दोनशे सत्तरच्या वर रात्री.”

मयूराने विचार केला. “दॅट्स अ लॉट,” ती म्हणाली, आणि पुन्हा फुलांच्या कडेकडेने उड्या मारायला लागली.

त्या संध्याकाळी नीरजा शिफ्टवरून आली, तेव्हा सुरुचीने तिला आणि हृषिकेशला सगळं सांगितलं. हृषिकेशला आधी हसू आलं. “कॅप्टन पापा! भारी आहे,” तो म्हणाला. मग नीरजाचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं.

“लीना गेली त्या दिवशी,” नीरजा म्हणाली, “मयूने फक्त विचारलं होतं, डिनरला काय आहे. मला वाटलं, बरं झालं बाई, हिला काही फरक पडत नाही.” तिने पोळीचा तुकडा ताटात इकडून तिकडे सरकवला. “मी सुद्धा नव्हतंच विचारलं तुला, सुरुची. तुझे बाबा काय करतात ते. आपण तीनदा बोललो होतो तू यायच्या आधी. मी विचारलं काय, तर स्विमिंग येतं का आणि गाडी येते का.”

“मी तरी कुठे सांगितलं, ताई,” सुरुची म्हणाली.

पुढच्या मंगळवारी वर्गात जायचं ठरलं. शनिवारी हृषिकेश तिला ब्लॅकटाउनला भारतीय दुकानात घेऊन गेला. गुळाचे चार प्रकार होते. सुरुचीने एकेक पाकीट उजेडात धरलं, नखाने दाबलं, वास घेतला.

“हा नको. हा काळजीने केलेला नाही, तळाला लागलाय,” ती म्हणाली. “हा फार पिवळा आहे, ह्यात काहीतरी घातलंय. हा घेऊ या.”

हृषिकेश ट्रॉली सोडून तिच्याकडे बघत राहिला. “तुला नुसतं बघून कळतं?”

“एवढं तर कुणालाही कळतं,” ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं की नाही, कुणालाही नाही कळत.

मंगळवारी दुपारी दोन वाजता ती वर्गासमोर उभी राहिली. खाली गालिच्यावर बावीस मुलं मांडी घालून बसली होती. मयूरा पहिल्या रांगेत होती, पण सुरुचीकडे न बघता बुटाच्या वेलक्रोशी खेळत होती. सुरुचीने सांगितलं की ती कधी जहाजावर राहिलेली नाही.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागून ऑलिव्हिया नावाची मुलगी म्हणाली, “म्हणजे मयूरा खोटं बोलली.”

वेलक्रोचा आवाज थांबला.

“मयूराने माझ्या पप्पांना फोनवर पाहिलं,” सुरुची म्हणाली. “ते काय आहे, असं तिने मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही. म्हणून तिने ओळखायचा प्रयत्न केला. श्वासाचं आणि पलंगाचं तिने मनचं घातलं, ते खरं नाही. पण जे पाहिलं ते बरोबर काढलं होतं. आज आपण सगळे बघू. तुम्हीच सांगा कशासारखं दिसतं ते.”

मिस पापासनी तिचा फोन वर्गातल्या मोठ्या पडद्याला जोडून ठेवला होता. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. दोन रिंग झाल्या आणि भिंतभर भास्कर दिसले: टॉवेल, मिशी, मागे वाफ. मुलांनी एकदम श्वास आत घेतला.

“कॅप्टन पापा,” कुणीतरी कुजबुजलं.

“काय म्हणत्यात गं पोरं?” भास्करनी विचारलं.

“तुम्हाला कॅप्टन म्हणतायत, पप्पा.”

“म्हणू द्यात,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन फिरवून काहील दाखवली.

मग प्रश्नांचा पाऊस पडला. ते गरम आहे का? त्यात कुणी पडलंय का? साखळी कशाला? पाय भाजत नाहीत का? सुरुची इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहिली. भास्करना इतक्या माणसांनी एकाच वेळी कधीच काही विचारलं नव्हतं. आधी ते एकेका शब्दात बोलत होते, मग खुलले. कोपऱ्यातल्या एका मुलाने हात वर केला. “गूळ तयार झाला, हे त्यांना कसं कळतं?”

हे उत्तर सुरुचीला ठाऊक होतं. पाण्यात थेंब टाकायचा, त्याची गोळी वळली की झालं. ती सांगणारच होती, पण प्रश्न वडिलांना होता, म्हणून तिने विचारला.

“गोळी बघतोय की,” भास्कर म्हणाले. “पण ती लोकांना दावायला. त्याच्या आधीच कळतंय मला. आवाज ऐकायचा. रस आधी मोठ्यानं बोलतोय, मग बारीक बोलाय लागतोय. बारीक बोलाय लागला की उतरायचा.”

सुरुची तशीच थांबली. बावीस मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती. तेवीस वर्षं ती त्या आवाजात वाढली होती, शाळेचा अभ्यास तिने गुऱ्हाळाच्या भिंतीपलीकडे बसून केला होता, आणि हे तिला माहीत नव्हतं.

“व्हॉट डिड ही से?” मयूराने विचारलं.

तिने मुलांना सांगितलं. मग पडद्याकडे वळून, भाषांतराची वाट न बघता, तिने स्वतःचाच प्रश्न विचारला. “पप्पा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. मी अठरा वर्साचा होतो. पहिल्याच हंगामात हात भाजला, म्हणून मुकादमानं भिंतीला बसवून ठेवला. हात बांधलेला, काम काय नाही. नुसतं ऐकत बसलो महिनाभर.” ते हसले. “तू कधी इचारलंच न्हाईस.”

मिस पापासनी काही मुलांना डोळे मिटायला सांगितलं, भास्करनी फोन काहिलीजवळ नेला, आणि वर्ग रस उकळताना ऐकत बसला. काहींना तो पावसासारखा वाटला, एकाला टाळ्यांसारखा. मयूरा म्हणाली की तिला अजूनही इंजिनासारखाच वाटतो. कुणी तिला हसलं नाही. नंतर सगळ्यांना गुळाचा एकेक खडा मिळाला. ऑलिव्हियाने दोन खाल्ले.

त्यानंतर सुरुचीला वडिलांना फोन करायचं वेडच लागलं. शाळेतून मयूराला आणलं की फोन लागायचा. भेंडीचं पाणी रसात घातल्यावर मळी वर का येते? सगळ्या गुऱ्हाळांचा आवाज सारखाच असतो का? भास्करना माहीत असायचं तेवढं ते सांगायचे, नसेल तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारून यायचे. मयूरा शेजारी बसून ऐकायची. एकदा तिने स्वतःहून स्पष्ट मराठीत विचारलं, “काहील कोण धुतं?” नीरजा तेव्हा दारातच होती, ती चपला काढायच्या विसरून तशीच उभी राहिली.

उलट भास्करनीही प्रश्न विचारायला सुरुवात केली. “तिकडं ऊस होतोय का गं?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हृषिकेशने शोधून काढलं: होतो, पण वर उत्तरेला, गाडीने आठ-नऊ तासांवर.

जानेवारीत शाळेला सुट्टी होती. समुद्रकिनाऱ्यावर कुठेतरी जायचं नीरजाचं आधीपासून ठरलेलं होतं. ते थोडं आणखी वर सरकवण्यात आलं. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अचानक ऊस उभा राहिला. सुरुची “थांबा, थांबा” म्हणाली, आणि गाडी पुरती थांबायच्या आत तिने दार उघडलं.

तिने वडिलांना फोन लावला. तिकडे पहाटच होती, पण ते अंथरुणात जागेच होते. तिने कॅमेरा उसावरून हळूहळू फिरवला, पानांवरून, कांड्यांवरून, मातीवरून. 

“पाट कुठं दिसंना,” भास्कर म्हणाले. “ठिबकच्या नळ्या पण न्हाईत. पाणी कुठनं देत्यात?”

सुरुचीने इकडे तिकडे पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं. पन्नासेक पावलांवर कुंपणापाशी मागे उघडा हौदा असलेली एक यूट गाडी उभी होती, आणि मोठ्या हॅटमधली एक बाई तार ताणत होती. येऊन अडीच महिने झाले होते तेव्हाच्या सुरुचीने “येस, थँक यू” म्हणून गाडीत बसणं पत्करलं असतं. आता ती फोन हातात धरून गवतातून चालू लागली. मयूराने मागून पळत येऊन तिचा हात धरला.

“एक्स्क्यूज मी,” सुरुची म्हणाली. “या उसाला पाणी कुठून देता?”

बाईने पक्कड खाली केली, आधी सुरुचीकडे पाहिलं, मग फोनमधल्या मिशीवाल्या माणसाकडे, आणि मग वर आकाशाकडे बोट दाखवलं. “जस्ट द रेन, लव्ह.”

सुरुचीने ते वडिलांना सांगितलं.

“नुसत्या पावसावर? ऊस?” भास्कर उठून बसले, तसा फोन हलला आणि पडद्यावर छप्पर दिसलं. “तुला नीट कळलं नसंल. परत इचार बघू तिला. आणि माती कसली हाय ते पण इचार.”

बाईने हातमोजे काढले आणि कुंपणाला टेकून ती म्हणाली, तुमच्याकडे वेळ आहे ना? मयूरा खाली बसून मातीचं ढेकूळ उचलत होती, फोनवर दाखवायला.